बाईंची रिकामी ताटली

बाईंनी माझी प्रमाणपत्रं बघितलीच नाहीत. पुण्याहून हैदराबादला पीएचडीच्या मुलाखतीला आले होते, फाइल छातीशी कवटाळून बसले होते, तर या बाई खुर्चीतून उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि सरळ माझं मनगट धरलं. अंगठ्यानं दोन्ही बाजूंची हाडं चाचपली. भाजीवाल्यापुढे दुधी दाबून बघतात ना, अगदी तसं. मग म्हणाल्या, "दूध पीत नाहीस."

"आवडत नाही," मी म्हटलं.

"हौ. मग नाचणी खात जा. सोमवारी ये कामाला."

झाली मुलाखत! मनगट दाबून कुणाला असलं काही कळत नसतं, हे मला पुढे हाडांवरच पीएचडी करताना समजलं. पण त्या दिवशी मी अशी काही गार पडले, की सोमवारी नाचणीचं पीठ बॅगेत घालूनच हजर झाले. बाईंना कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा कपाळावरून घसरून नाकावर आला. एरवी त्यांचा चष्मा कपाळावरच असायचा.

साठीला टेकलेल्या, ठेंगण्या, सुती साडीवर पांढरा कोट आणि पायात कॅनव्हासचे बूट. घराणं काचीगुड्यातलं. निजामाच्या काळापासून कुणी मुनसफ, कुणी वकील, कुणी मास्तर. मराठी अशी, की माझ्या आईनं ऐकली असती तर कानांवर हात ठेवले असते. "काय करायलीस गं?" "उगं परेशान कायकू व्हायलीस?" "नक्को म्हटलं ना एकदा!" मला त्या 'पुणेवाली' म्हणायच्या आणि माझ्या बोलण्याची नक्कल करून प्रयोगशाळेतल्या तेलुगू पोरांना हसवायच्या. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींशी मात्र त्या फक्त दखनीत बोलत. सकाळी आल्या की आधी पेशी उबेत ठेवायच्या कपाटाचं, इन्क्युबेटरचं दार उघडायचं, आत वाकायचं आणि विचारायचं, "क्या रे, सब खैरियत?" त्यानंतर माणसांना नमस्कार. संचालक समोर उभे असले तरी क्रम बदलायचा नाही.

जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेली ही बाई दर वर्षी नव्या मुलांना घेऊन अफझलगंजच्या पलीकडच्या एका गल्लीत जायची. तिथे ओळीनं मटणाची दुकानं. बाई पदर खोचून पुढे, आम्ही नाकाला रुमाल लावून मागे. "भाई, घुटने की हड्डी देव. अच्छीवाली." तो दुकानदार हातातलं गिऱ्हाईक सोडून म्हणायचा, "आओ हड्डीवाली अम्मा!" आणि न सांगता गुडघ्याचं हाड उभं चिरून द्यायचा. बाई तो तुकडा तिथेच नळाखाली धुवायच्या आणि उन्हात धरून आम्हाला आतली जाळी दाखवायच्या.

"बघा. लोकं याला दगड समजतात! अरे, हे रोज मोडतं आणि रोज बांधलं जातं. पेशींची एक टोळी खणत जाते, दुसरी मागनं भरत येते. तुम्ही झोपा, भांडा, प्रेमात पडा, यांचं काम चालूच."

नाकावरचा रुमाल कधी सुटला कळलंच नाही, त्या जाळीवरून नजर हलत नव्हती. खरं सांगते, आपल्या आत इतकं देखणं काही असतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. परतताना बसमध्ये मी माझं स्वतःचं मनगट धरून बसले होते.

आमचा विषय मायक्रोआरएनए. हे नाव काढलं की लोक हवापाण्यावर बोलायला लागतात. बाई बोलू देत नसत. नारायणगुड्यात कुणाच्या तरी लग्नाला आम्ही दोघी गेलो होतो. पंगतीत शेजारी नवऱ्या मुलाची आई. तिनं सहज, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुम्ही नेमकं काय करता हो?" झालं! बाईंनी पानातली पुरी बाजूला सारली.

"असं बघा. पेशीनं काय बनवायचं त्याच्या चिठ्ठ्या आतून सुटत असतात. हे प्रथिन बनवा, ते बनवा. मायक्रोआरएनए म्हणजे इवलासा तुकडा. तो जाऊन चिठ्ठीवर बसतो. बसला की चिठ्ठी वाचता येत नाही. स्वतः काही बनवत नाही, नुसतं नक्को म्हणतो."

"मग त्याचा उपयोग काय?"

"घरातलं बघा की. सून काही करायला निघाली. सासू म्हणाली, नक्को. सून बसली. आता आजेसासू सासूला म्हणाली, तू गप. काय होईल?"

"सून निघेल," ती बाई जरा जपूनच म्हणाली. कारण नवी सून समोरच उभी होती.

"हौ! हाड बनवायचा निरोप म्हणजे तुमची सून. त्याला अडवणारं एक प्रथिन असतं, ती सासू. आणि सासूची चिठ्ठी दाबून टाकतो आमचा तुकडा, तो आजेसासू. सासू तयारच होत नाही. निरोप सुटला, पेशी हाड बांधायला लागली. नक्कोला नक्को म्हटलं की हौ होतं. एवढंच आमचं शास्त्र."

ती नवी सून पदरात तोंड लपवून हसत होती. सासूबाईंनी मात्र पुढचं जेवण खाली मान घालून उरकलं. बाहेर आल्यावर मी बाईंना म्हटलं, "अहो, त्या बिचाऱ्या मुलीची पंचाईत केलीत तुम्ही." तर म्हणाल्या, "हौ कुणीपण म्हणतं पोरी. नक्को म्हणायला अक्कल लागते. शिकू दे तिला."

पण गंमत सोडा. बाईंचा सगळा जन्म या आजेसासूत गेला होता. हा तुकडा सासूच्या चिठ्ठीवर बसतो, हे त्यांनी दाखवलं होतं. सासू कमी होते, निरोप सुटतो, हेही दाखवलं होतं. राहिली होती शेवटची पायरी, की यामुळे पेशी खरोखर हाड बांधतात. प्रत्यक्ष, डोळ्यांना दिसेल असं. ती पायरी काही केल्या हाती लागत नव्हती, आणि ती लागल्याशिवाय आधीच्या सगळ्या पायऱ्या हवेतच.

या पायरीची वाट आणखी एक माणूस बघत होतं, बाईंची थोरली बहीण, अक्का. दोघीच राहायच्या काचीगुड्याच्या घरात. अक्कांची हाडं वयानं इतकी ठिसूळ झालेली, की एकदा नुसत्या शिंकेनं बरगडी मोडली. पाठीत बाक, हातात काठी, जीभ मात्र धारदार. गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसून कोथिंबीर निवडता निवडता त्या साठीच्या शास्त्रज्ञ बहिणीला हाक मारायच्या, "बेबी!"

"काय गं बेबी, तुझी आजेसासू माझ्या हाडांपर्यंत कधी पोचायची?"

"तुझ्यापर्यंत नाही पोचणार अक्का. कुणाच्या तरी पोचेल."

"बरं. मग त्या कुणाला तरी सांगून ठेव, काचीगुड्यात एक म्हातारी वाट बघत बसली होती म्हणून."

आणि दोघी हसायच्या. मला नाही यायचं हसू. असं खरं बोलायला किती प्रेम लागत असेल, असं वाटायचं.

त्या घराची एक रीत होती. स्टेशन हाकेच्या अंतरावर. परभणीचा, नांदेडचा कुणी नातेवाईक दवाखान्यासाठी, परीक्षेसाठी, कोर्टाच्या कामासाठी आला की गाडीतून उतरून आधी यांच्याकडे. फोन करून येणं म्हणजे परकेपणा. म्हणून माणसं असतील त्याहून एक ताट जास्त मांडायचं. कुणी येवो न येवो. आता गोतावळा पांगला, कुणी अमेरिकेत, कुणी वर. तरी दोघी बहिणी जेवायला बसल्या की तिसरं ताट असायचंच. आणि त्या ताटावर कुणी बसला की मग आग्रह विचारू नका. "वाढ गं तिला." "अजून थोडा भात." "आवकाय लोणचं घे, तूप घे." नक्को या शब्दावर आयुष्य काढलेल्या बाईंना पाहुण्याचा नक्को तेवढा ऐकू येत नसे.

हीच रीत त्यांनी प्रयोगशाळेत आणली होती. पेशी वाढवायच्या त्या चपट्या, पारदर्शक डब्यांना आम्ही ताटल्या म्हणायचो. बाईंच्या प्रत्येक प्रयोगात एक ताटली रिकामी असायची. तिच्यात पेशी नाहीत. बाकी जेवण मात्र इतरांसारखंच. तेच द्रव, तीच औषधं, शेवटी तोच रंग. आठवडेच्या आठवडे त्या रिकाम्या ताटलीचं जेवण बदलत बसायचं. दुसरीकडे लोक असली ताटली सुरुवातीला एकदा करून बघतात आणि सोडून देतात. बाई कधीच सोडत नसत. पोरं म्हणायची, मॅडमचे पितर येतात जेवायला. मी एकदा वैतागून विचारलंच, "बाई, या ताटलीत येणार आहे तरी कोण?"

"मला काय माहीत? सांगून आला तर पाहुणा कसला?"

कपाळ! मी मुकाट्यानं रिकाम्या ताटलीला वाढत राहिले.

बाईंची निवृत्ती तोंडावर आली. त्याच आठवड्यात मोठ्या सभागृहात त्यांचं निरोपाचं व्याख्यान ठरलं होतं. ठिकठिकाणची माणसं यायची होती, आणि बाईंना त्या दिवशी शेवटची पायरी दाखवायची होती. निवृत्त झाल्या की प्रयोगशाळा दुसऱ्याच्या ताब्यात जाणार. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. आम्ही सगळ्यांत जास्त आठवड्यांचा प्रयोग मांडला. पेशींना हाड बांधायला फॉस्फेट लागतं, ते मापात घालायचं असतं. मी माप घेत होते आणि बाई मागून म्हणत होत्या, "थोडं अजून घाल. मोठं काम आहे, अर्धपोटी नको जुंपू लेकरांना." मी घातलं. त्यांच्या हाताखाली शिकलेली मी, माझाही हात सैलच झाला होता.

शेवटी रंग द्यायचा दिवस आला. एक लाल रंग असतो. तो ताटलीत ओतायचा, थोडा वेळ थांबायचं, धुवायचं. जिथे कॅल्शियम साठलं असेल तिथे तो धरतो, बाकीचा वाहून जातो. मी धुतलं आणि किंचाळलेच. आजेसासूची ताटली लालभडक! कुंकवाचा करंडा सांडावा तशी. शेजारची, तुकडा न घातलेल्या साध्या पेशींची ताटली तिच्यापुढे फिकी.

बाईंनी ताटली खिडकीच्या उजेडात धरली. कुठल्याही यंत्राआधी त्या उजेडात बघत. मग त्यांनी फोन लावला आणि अक्षरशः ओरडल्या, "अक्का, आली गं! आजेसासू आली!" आवाज ऐकून शेजारच्या खोल्यांतले लोक धावत आले. कुणीतरी उस्मानिया बिस्किटांचा पुडा फोडला. संचालकांनी हात मिळवला. मी तर नाचायचीच बाकी होते.

हात पुसत बाई म्हणाल्या, "आता रिकामी आण."

खरं सांगायचं तर तिच्याकडे बघायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. ती कोपऱ्यात होती. मी उचलली. ती लाल होती. दुसरीइतकीच लाल. जिच्यात एकही पेशी नव्हती, ती ताटली.

मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "मॅडम, ती एवढी काय मनावर घ्यायची? साध्या ताटलीपेक्षा आपली लाल आहेच की."

बाईंनी माझ्या हातातून रिकामी ताटली घेतली. मला वाटलं, आता या कोसळणार. मी त्यांना धरायला पुढेसुद्धा झाले. आणि त्यांचा चेहरा बघून जागच्या जागी थांबले. दार वाजावं, उघडावं आणि उंबऱ्यावर कुणी ध्यानीमनी नसलेलं उभं असावं, तेव्हा काचीगुड्याच्या घरात जो चेहरा व्हायचा ना, तो चेहरा.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "पाहुणा आला की!"

खुर्ची ओढून त्या ताटलीसमोर बसल्या. "इतकी वर्षं मांडली, आज आला. आता हाकलायचं नाही हां त्याला."

जिथे पेशीच नाहीत तिथे हाड बांधणार कोण? आम्ही फॉस्फेट इतकं वाढलं होतं, की ते कॅल्शियमला धरून आपोआप तळाशी बसलं होतं. बोअरच्या पाण्यानं गीझरमध्ये खार बसतो, तसं. रंगाला काय त्याचं? पेशींनी कष्टानं बांधलेलं काय आणि नुसतं साचलेलं काय, तो दोन्हीला धरतो. साधी ताटली फिकी राहिली, कारण धडधाकट पेशी असा खार थोडाफार रोखतात; आजेसासूच्या ताटलीत त्या नुसत्या थकल्या असल्या तरी ती लालच दिसणार. म्हणजे आमच्या लाल ताटलीत हाड किती आणि खार किती, हे देवालाच ठाऊक. बाईंच्या ते क्षणात ध्यानात आलं.

"आग्रह नडला गं पोरी," त्या म्हणाल्या. "मीच जास्त वाढलं."

मग त्यांनी पुन्हा फोन लावला. "अक्का, नाही आली गं. माझी चूक झाली." पलीकडून अक्का काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. बाई नुसतं "हौ... हौ..." करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "येते जेवायला." लोक हातातली बिस्किटं तशीच घेऊन निघून गेले.

व्याख्यान रद्द होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. संचालकांनी सुचवलंही, की जुन्या पायऱ्यांवर बोला, लोकांना काय कळणार. बाई म्हणाल्या, "नक्को." सभागृह गच्च भरलं होतं. पडद्यावर त्यांनी पहिलंच चित्र लावलं ते लाल झालेल्या रिकाम्या ताटलीचं.

"मी आज तुम्हाला हाड दाखवणार होते," त्या म्हणाल्या. "हे हाड नाही. हा खार आहे, आणि तो मी माझ्या हातानं वाढलेला आहे. ज्यांनी माझी कृती नेली असेल, त्यांनी फॉस्फेट कमी करा आणि एक ताटली रिकामी ठेवा. मला वाटतं ते खरं असेल, नसेलही. मला अजून दिसलेलं नाही."

बोलल्या सगळं इंग्रजीतच, पण माझ्या कानात ते मराठीतच राहिलंय. माझ्या शेजारचा एक पोक्त गृहस्थ पुटपुटला, "कशाला स्वतःच्याच हातानं स्वतःचं नाक कापायचं!" मला असा संताप आला, की त्याच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. आणि त्याच वेळी माझ्या अंगावर काटा उभा होता. जन्मभर जिची वाट बघितली ती गोष्ट या बाईनं सगळ्यांसमोर खाली ठेवली होती, आवाज न चढवता, डोळ्यांत पाणी न आणता. असं माणूस असू शकतं? आणि मी रोज त्याच्या शेजारी उभी राहून ताटल्या धूत होते!

बाई निवृत्त झाल्या. प्रयोगशाळा दुसऱ्यांची झाली. मला प्रबंध पुरा करायला एक कोपरा मिळाला. तिथे मी तोच प्रयोग पुन्हा मांडला. या वेळी फॉस्फेट मापात, थेंब इकडे नाही तिकडे नाही. अर्धपोटी तर अर्धपोटी. आणि एक ताटली रिकामी. किती वेळा फसला, किती वेळा बुरशी लागली, काय सांगू! काचीगुड्याला अधूनमधून जात असे. बाई प्रयोगाचं अवाक्षर विचारत नसत. "जेवलीस का?" एवढंच. अक्का मात्र माझ्याकडे टक लावून बघायच्या आणि कोथिंबीर निवडायला लागायच्या. त्यांची कंबर आणखी वाकली होती.

शेवटी एकदाचा रंग दिला, धुतलं, बघितलं. मग रिकामी आणि आजेसासूची, दोन्ही ताटल्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या आणि रिक्षा पकडली. फोन केला नाही. त्या घरी फोन करून जात नाहीत.

दोघी नुकत्याच जेवायला बसत होत्या. तिसरं ताट मांडलेलंच होतं. माझ्या हातातला डबा बघून बाई ताटावरून उठल्या. काही विचारलं नाही. गॅलरीत आल्या, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि हात पुढे केला.

"आधी रिकामी."

मी दिली. त्यांनी ती उजेडात धरली. तिरकी केली. उलटी करून बघितली. स्टेशनवर कुठल्याशा गाडीची घोषणा चालली होती, ती संपली तरी बाई बघतच होत्या. ताटली आरपार स्वच्छ होती. तिच्यातून समोरच्या घराची वाळत घातलेली धुणी दिसत होती.

"काय दिसायलंय गं बेबी?" आतून अक्कांनी विचारलं.

"काही नाही, अक्का." बाईंचा आवाज फुटला. "काहीच नाही. कुणीसुद्धा आलं नाही."

आणि ज्या बाईनं भरल्या सभागृहात डोळ्याला पदर लावला नव्हता, ती गॅलरीच्या फरशीवर बसून ती स्वच्छ ताटली छातीशी धरून लहान मुलीसारखी रडायला लागली. अक्का काठी टेकत टेकत दारापर्यंत आल्या. माझ्या हातात दुसरी ताटली होती, तिच्यावर खसखशीएवढे बारीक लाल ठिपके होते. थोडेच होते, पण होते.

"अगं, मग रडतीस काय? ती दुसरी बघ की!" अक्का म्हणाल्या.

"बघते गं," बाई डोळे पुसत म्हणाल्या, आणि रिकामी ताटली पुन्हा उजेडात धरली. "घाई कायकू? ती आता कुठं पळून जायली?"